जाड माणसाच्या हातातलं ताट काढून घ्या

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते आणि लेखक, तसंच विनोदी कार्यक्रमांचे दिग्दर्शक यांस,

स.न.वि.वि.

तुमच्या मालिकांमधला जाड माणूस पोटापाण्यासाठी काय करतो, हे प्रेक्षकाला कधी कळत नाही. त्याच्या घराचा हप्ता थकलाय का, त्याचं कुणावर प्रेम आहे का, धाकट्या भावाशी त्याचं का फाटलं, यातलं काही तुम्ही लिहीत नाही. तो दारातून आत येतो तेव्हा हातात खायची वस्तू असते. पाऊल पडलं की मागे धप्प असा आवाज येतो, कधी कॅमेराही हलतो. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, त्या खुर्चीवर नको बसूस!" तिघाचौघांचे हसरे रिअ‍ॅक्शन शॉट, आणि सीन संपला.

हे थांबवा, असं सांगायला मी लिहिते आहे. का थांबवायचं आणि त्याऐवजी काय करता येईल, तेही सांगणार आहे, कारण नुसती तक्रार करून तुमच्या लेखकांच्या हाती काही पडणार नाही.

मी पुण्यात, कोथरूडला राहते. शाळेतल्या आणि कॉलेजच्या मुलांना नाटक शिकवते. उन्हाळ्यात बालनाट्याचं शिबिर, पावसाळ्यात एकांकिकांच्या तालमी, असं आमचं वर्ष जातं. मी स्वतः जाड आहे, लहानपणापासून. आणि तुमच्या मालिका आमच्या घरी रोज लागतात. सासूबाईंचं संध्याकाळचं जेवण त्यांच्या वेळांवर ठरतं, मीही ताट घेऊन शेजारी बसते, आणि एखादा चांगला प्रसंग जमला की दुसऱ्या दिवशी तालमीत मुलांना सांगते. तेव्हा टीव्हीला नावं ठेवणाऱ्या, पण तो कधी न बघणाऱ्या बाईचं हे पत्र आहे, असं समजू नका.

गेल्या मे महिन्यातल्या शिबिरात आम्ही एक छोटं नाटक बसवत होतो. गावातलं पोस्ट ऑफिस, आणि तिथं एकटीनं काम करणारी पोस्टमास्तरीण. ही भूमिका नववीतल्या एका मुलीला दिली होती. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, अंगानं भरलेली. तिची एन्ट्री अशी: ती येते, टपालाची पिशवी टेबलावर रिकामी करते, चष्मा पुसते, आणि एका पाकिटावरचं अक्षर बघून थबकते. अक्षर ओळखीचं आहे. पाकीट दुसऱ्याच्या नावाचं आहे. फोडावं की नाही? संपूर्ण नाटक त्या थबकण्यावर उभं आहे. पहिल्या वाचनानंतर ती मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, मी येताना वडापाव खात येऊ का?"

मी विचारलं, असं कुठं लिहिलंय?

"लिहिलेलं नाही. पण मी करतेय ना."

बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. चेष्टेनं नव्हे, अगदी कामाच्या सूचनेला डोलवावी तशी. कुणी तिला चिडवलं नव्हतं, कुणी काही सुचवलं नव्हतं. मंचावर जाड मुलगी येते तेव्हा लोकांना काय हवं असतं, हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं ते स्वतःहून आणून दिलं. चौदा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं? तिच्या घरात सगळे तिच्यासारखेच अंगानं भरलेले आहेत आणि तिला जपणारे आहेत, मी भेटले आहे त्यांना. शाळेत थोडंफार असेल. पण नाटकातल्या एन्ट्रीला काय करायचं, हे तिनं पडद्यावर बघून घेतलं आहे, रोज, जेवताना.

दुसरी गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची. कॉलेजात असताना तिनं एकांकिकेत एका म्हाताऱ्या सुईणीचं काम केलं होतं, ते ज्यांनी पाहिलं ते अजून बोलतात. पदवीनंतर ती मुंबईला गेली. कास्टिंगच्या ग्रुपवर येणाऱ्या मेसेजमध्ये तिच्यासाठी एकच प्रकार असायचा: वय अमुक ते तमुक, 'हेल्दी', कॉमेडी. शेवटी एका मालिकेत काम मिळालं. मालिकेचं आणि निर्मितीसंस्थेचं नाव मी लिहिणार नाही. भूमिका शेजारच्या वहिनीची. ती साखर मागायला येते आणि घरात चाललेलं भांडण ऐकता ऐकता डब्यातले लाडू खाते. पहिला टेक झाला. वाक्यं स्वच्छ होती. सहायक दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, लाडू तोंडात असतानाच बोला, जरा बाहेर येऊ दे." दुसरा टेक. मग नायिकेचं वाक्य चुकलं, तिसरा टेक. मग लाइट. कंटिन्युइटी राहावी म्हणून दर वेळी नवा लाडू, पहिला घास तेवढाच. खाली बादली ठेवलेली, कट म्हटलं की थुंकायला. दुपारपर्यंत तिला तुपाच्या वासानं मळमळायला लागलं होतं. संध्याकाळी फोनवर ती मला म्हणाली, "ताई, त्या वहिनीला भांडण ऐकून काय वाटतं, ते मी विचारलं. तर म्हणाले, तिला काय वाटायचंय?"

तिला काय वाटायचंय. माझी सगळी तक्रार या एका वाक्यावर आहे. चेष्टा वाईटच, पण चेष्टेच्या आधी तुम्ही एक गोष्ट करता, ती जास्त वाईट आहे. जाड माणसाला आतून काही वाटतं, हेच तुम्ही मान्य करत नाही. त्याला भूक लागते, एवढी एकच भावना तुम्ही त्याच्याकडे ठेवली आहे.

हे तुमच्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ब्रॅडली ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९-२०००च्या हंगामातल्या मालिकांमधली हजाराहून जास्त महत्त्वाची पात्रं तपासली होती. २००३ साली ते संशोधन छापून आलं. समाजात जेवढी जाड माणसं दिसतात, त्याच्या निम्मीसुद्धा पडद्यावर नव्हती. जी होती, त्यांतल्या बायकांच्या वाट्याला प्रेमाचे प्रसंग कमी, कुणाला जवळ घेणंही कमी. पुरुषांना मित्र कमी, प्रेमाच्या गप्पा कमी, आणि खातानाचे प्रसंग मात्र जास्त. आपल्या वाहिन्यांवर अशी मोजणी कुणी करून बघावी. आकडे हाती येईपर्यंत तुम्ही तुमच्या गेल्या आठवड्याचे एपिसोड बघा, तेवढंही पुरेल.

विनोदी कार्यक्रमांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथं हे फार वेगानं आणि फार उघड होतं. स्किटमध्ये पंच अडला की लेखक अंगावर जातो. हत्ती, म्हैस, रोडरोलर, पाण्याची टाकी, टेम्पो. लिफ्ट अडकली, झोपाळा तुटला, रिक्षावाल्यानं डबल भाडं मागितलं. पुरुष कलाकाराला साडी नेसवायची, पोटाला उशी बांधायची, आणि मग समोरच्यानं तिला मिठी मारताना हात पुरत नाहीत असं दाखवायचं. परीक्षक खुर्चीत मागे रेलून हसतात, कॅमेरा लगेच त्यांच्यावर. घरी बसलेल्या मुलाला कळतं की इथं हसायचं असतं.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. लोक हसतात म्हणून आम्ही लिहितो. गुरुवारी रेटिंग येतं, त्यात दिसतं. मला वाटतं, हे तुम्ही उलटं वाचता. हसायचं कुठं, हे पडद्यावरून प्रेक्षकाला सांगितलं जातं. २००० साली कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकी विनोदी मालिका या दृष्टीनं पाहिल्या. स्त्री पात्र जितकं अंगानं भारी, तितके पुरुष पात्रांचे तिच्यावरचे शेरे जास्त, आणि त्या शेऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के शेऱ्यांनंतर प्रेक्षकांचं हसू ऐकू येई. ते हसू साउंडट्रॅकवर आहे, म्हणजे कुणीतरी ते तिथं ठेवलं आहे. तुमच्याकडेही एडिटिंगच्या टेबलावर बसून कुणीतरी 'धप्प' निवडतो आणि पावलाखाली लावतो.

दुसरं उत्तर असतं, "अहो, त्या कलाकाराला स्वतःलाच चालतं. तोच सेटवर सगळ्यांत जास्त जोक मारतो." मारेलच. माझ्या शिबिरातल्या मुलीनं मारला नाही का? पुढची भूमिका त्यावर अवलंबून असताना कोण नाही म्हणेल? डेली सोपमध्ये ट्रॅक कधी कापला जाईल याचा भरवसा नसतो, भाड्याचं घर असतं, आणि कास्टिंगवाल्याच्या मनात तुमच्या नावासमोर एकच शब्द लिहिलेला असतो. अशा वेळी मिळालेल्या होकाराला संमती समजू नका.

उमादेवी खत्री यांची आठवण इथं काढावीशी वाटते. १९४७च्या 'दर्द' चित्रपटात नौशाद यांच्या संगीतात त्या गायल्या, आणि त्या गाण्यानं देशभर नाव झालं. आवाज असा की आजही रेडिओवर लागला तर माणूस हातातलं काम थांबवतो. १९५०च्या 'बाबुल'पासून त्या पडद्यावर आल्या आणि टुनटुन झाल्या. पुढे शेकडो चित्रपटांत त्यांना त्यांच्या देहावरच्या विनोदासाठी बोलावलं. त्यांनी ते काम जीव लावून केलं, त्यांचं टायमिंग अजोड होतं, त्यात कमी लेखण्यासारखं काही नाही. पण आज पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर जाऊन बघा, त्यांचं नाव जाड मुलीला हाक मारायला वापरतात. ज्या मुलांनी त्यांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, तीही वापरतात. गाणारी बाई कुणाच्या लक्षात नाही. पडद्यावर केलेली चेष्टा पडद्यावर राहत नाही, इतकं तरी यातून दिसतं.

न्यायाचं बोलायचं तर मराठी वाहिन्यांनी एक पाऊल टाकलं होतं. २०२० साली 'सुंदरा मनामध्ये भरली'मध्ये लतिका आली, २०२१मध्ये 'येऊ कशी तशी मी नांदायला'मध्ये स्वीटू आली. अक्षया नाईक आणि अन्विता फलटणकर या दोन अभिनेत्रींनी जाड नायिका रोज संध्याकाळी घराघरात नेली. आमच्या घरी त्या दोन्ही मालिका बघितल्या जायच्या, आणि माझ्या वर्गातल्या मुली दुसऱ्या दिवशी येऊन त्या नायिकांच्या साड्यांबद्दल, केसांबद्दल बोलायच्या. जाड बाईच्या साडीबद्दल कौतुकानं बोललेलं मी आधी फारसं ऐकलं नव्हतं. म्हणून तुमचे आभार, मनापासून.

पण त्या गोष्टींचं इंजिनही वजनच होतं. हिचं लग्न कसं होणार, हिला कोण पसंत करणार, सासर काय म्हणणार. नायिका जाड असली की कथा तिच्या जाडपणाची झालीच पाहिजे, असा नियम कुणी केला? सावळ्या नायिकेचंही आधी असंच व्हायचं. मला अशी मालिका बघायची आहे जिच्यात नायिका जाड आहे आणि तिचा प्रश्न जमिनीच्या सातबाऱ्याचा आहे. तिचे वडील गेलेत, चुलता फेरफार होऊ देत नाही, ती तलाठ्याकडे खेटे घालते, आणि पन्नास भागांत एकदाही कुणी तिच्या अंगाचा विषय काढत नाही, कारण विषय जमिनीचा आहे. एवढं तर तुमचे लेखक डोळे मिटून लिहितील.

आता आरोग्याचं. हा मुद्दा मला दर वेळी ऐकवला जातो: जाड माणसांची चेष्टा बंद करायची म्हणजे जाडपणाला उत्तेजन द्यायचं का? वाढलेल्या वजनाचा मधुमेहाशी, रक्तदाबाशी, गुडघ्यांशी संबंध आहे, हे मला कुणी शिकवायला नको. माझे गुडघे मला शिकवतात. पण तुमच्या सीनमध्ये मधुमेह कुठे असतो? खुर्ची मोडते, त्यात कुठला आरोग्याचा संदेश आहे?

आणि बघून आरोग्य कळतं, ही समजूतही खोटी आहे. ते दाखवून देणारं काम तर आपल्याच शहरात झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन, या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. उंचीच्या हिशेबात वजन सारखंच, आणि चरबी दुपटीहून जास्त. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३पासून माता आणि बाळांचा अभ्यास सुरू झाला, त्यात जन्माला येणारी बारीक, कमी वजनाची बाळंसुद्धा चरबी राखून असतात, हे दिसलं. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असेलच असं नाही. तुमचा सडपातळ नायक आणि तुमची जाड वहिनी, यांच्यात साखर कुणाला आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळपास २३ टक्के प्रमाणापेक्षा जास्त वजनाच्या आहेत. म्हणजे तुमच्या प्रेक्षकांत दर चार-पाच माणसांमागे एक. कुणाला थायरॉइड, कुणाला पीसीओडी, कुणाची दम्याची स्टेरॉइडं, कुणाची मानसिक आजारावरची औषधं, कुणाचं दुसरं बाळंतपण, कुणाच्या घराण्यातच ते. कुणी खरंच जास्त खातं, आणि त्यामागेही बरंच काही असतं. या सगळ्यांना तुम्ही एकाच लाडवात गुंडाळता.

हिणवल्यानं वजन उतरतं, असं तुम्हाला वाटत असेल तर तेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सहा हजारांहून जास्त लोकांचा २००६ ते २०१० असा मागोवा घेतला होता. सुरुवातीला जे लठ्ठ नव्हते, पण वजनावरून भेदभाव सोसल्याचं सांगत होते, ते चार वर्षांनी लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. माझ्याकडे येणारा एक मुलगा टिळक तलावावर पोहायला जायचा. काठावर शर्ट काढला की बाकीची पोरं कालच्या स्किटमधलं वाक्य एका सुरात म्हणायची. महिनाभरात त्यानं पोहणं सोडलं. पर्वती चढणाऱ्या एका मुलीला पायऱ्यांवर बसलेल्या टोळक्यानं "हळू गं, टेकडी खचेल" असं ऐकवलं, हेही वाक्य टीव्हीवरचंच. ती आता घरातल्या घरात चालते, दिवाणखाना ते स्वयंपाकघर. व्यायाम करणाऱ्या जाड माणसाला मैदानावरून घरी पाठवायचं काम तुमचे पंच करतात.

वजन कमी करण्याच्या स्पर्धांचंही तेच. अमेरिकेत अशी स्पर्धा २००४ साली सुरू झाली, २००७मध्ये तिची हिंदी आवृत्ती आपल्याकडे आली. रडणारे, धापा टाकणारे स्पर्धक आणि ओरडणारे प्रशिक्षक. त्या अमेरिकी कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. बहुतेकांचं वजन परत वाढलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. शरीर उतरलेलं वजन परत मिळवायला झटतं. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून ते हरले, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

पुण्याच्या प्रेक्षकाबद्दल एक सांगते, कारण तुम्ही "प्रेक्षकाला हेच लागतं" म्हणता तेव्हा तो माझ्या डोळ्यांसमोर येतो. जंगली महाराज रस्त्यावरचं आमचं रंगमंदिर ज्यांच्या नावानं आहे, ते बालगंधर्व पुण्यातच वारले. वय वाढलं, अंग सुटलं, तरी ते रुक्मिणी म्हणून, भामिनी म्हणून उभे राहिले, आणि आमच्या पणज्या-पणजोबांनी त्यांना नायिका म्हणूनच पाहिलं. सूर लागला की देह विसरायची सवय या प्रेक्षकाला आहे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात थंडीत शाल पांघरून बसलेली माणसं गाणाऱ्याचं पोट मोजत नाहीत. हीच माणसं घरी येऊन तुमची वाहिनी लावतात. त्यांना कमी समजू नका.

नियमांकडेही एकदा बघा. जाहिरातींच्या क्षेत्रानं स्वतःवर बंधनं घालून घेतली आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०१४ साली गोरेपणाच्या क्रीमसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली: रंगावरून कुणाला कमी दाखवायचं नाही. २०२२ साली आपल्या संहितेत तिनं शरीराच्या ठेवणीचा स्पष्ट उल्लेख केला. त्यावरून कुणाची टवाळी करणारी जाहिरात चालणार नाही. म्हणजे तुमच्या मालिकेच्या मध्ये येणाऱ्या साबणाच्या जाहिरातीला जो नियम आहे, तो मालिकेला नाही. केबल टीव्हीच्या कार्यक्रम संहितेत सुरुचीला आणि सभ्यतेला धक्का लावणारं काही दाखवू नये, असं मोघम कलम आहे, आणि मोघम कलमात खुर्ची मोडण्याचा सीन आरामात बसतो. २०११पासून तुमच्या क्षेत्राची स्वतःची तक्रार परिषद आहे, निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात. तुमच्याच पडद्यावर खाली तक्रारीची पट्टी धावते. त्या परिषदेच्या नियमांत 'शरीराची ठेवण' हे दोन शब्द लिहून घ्यायला संसदेची गरज नाही, तुमची बैठक पुरते. जाहिरातवाल्यांनी केलं, ते तुम्हाला का जमू नये?

पण नियमाआधी टेबलावरचं काम आहे, आणि ते उद्यापासून होऊ शकतं. संवादलेखकाकडे पात्र जाताना त्याचा व्यवसाय आणि त्याची एक इच्छा कागदावर लिहिलेली असू द्या, मग पात्र दोन सीनचं का असेना. लाडूवाल्या वहिनीचा नवरा दुबईला आहे आणि तीन महिने फोन नाही, एवढं लिहिलं तर शेजारचं भांडण ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काय येईल बघा. तो सीन तुमच्या नायिकेलाही भारी पडेल. सीनमधून वजन काढून टाकल्यावर काही उरत नसेल तर सीन परत लिहायला घ्या. साउंडच्या फोल्डरमधून तो 'धप्प' कायमचा उडवा. कलाकाराशी करार करताना अंगावरचा विनोद नाकारायची मुभा त्यात लिहा, आणि नाकारला म्हणून ट्रॅक कापला जाणार नाही हेही लिहा. कास्टिंगच्या मेसेजमध्ये 'वकील', 'तलाठी', 'बहीण', 'प्रेयसी' असं लिहा आणि अंगकाठीचा रकाना मोकळा सोडा. आणि कृपा करून, शेवटच्या महिन्यात जाड पात्राला बारीक करून बक्षीस दिल्यासारखं नवा ड्रेस घालून आणू नका. त्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुलींना काय सांगायचं, हे मला सुचत नाही.

जाड मुलग्यांबद्दल मी या पत्रात कमी लिहिलं आहे. त्यांचं दुःख कमी आहे म्हणून नव्हे. नायकाच्या वडिलांना पोट चालतं, पोलीस निरीक्षकाला चालतं, त्यामुळे पुरुषाला वय वाढल्यावर थोडी सुटका असते. पण सतरा वर्षांच्या जाड मुलग्याला तुमच्याकडे नायकाचा मित्र होण्यापलीकडे जागा नाही, आणि त्या मित्राला मैत्रीण मिळत नाही. तोही तुमच्या यादीत धरा.

केबल टीव्हीच्या २०२१च्या सुधारित नियमांनुसार प्रेक्षकाच्या तक्रारीवर वाहिनीनं १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हे पत्र रीतसर तक्रार म्हणूनही मी तुमच्या कार्यालयांत पाठवते आहे, गेल्या काही महिन्यांतल्या प्रसंगांची तारीखवार यादी जोडून. उत्तर लेखी द्यावं. "आमचा कुणाला दुखावण्याचा हेतू नव्हता" हे वाक्य त्यात नको. हेतूबद्दल मी काही म्हटलेलं नाही. तुमच्या नियमसंहितेत बदल करणार की नाही, आणि करणार तर कधी, एवढं कळवा.

आणि एक आमंत्रण. दर वर्षी पावसाळ्याच्या शेवटी भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, फेऱ्या असतात. तुमची कास्टिंगची माणसं तिथं येतात हे मी जाणते, मागच्या रांगेत बसतात आणि फोटो काढून जातात. या वर्षी तुम्ही स्वतः या, लेखकांना बरोबर आणा. माझ्या दोन विद्यार्थिनी वेगवेगळ्या कॉलेजांच्या संघांत आहेत. एकीनं न्यायाधीशाचं काम केलं आहे, दुसरीनं घर सोडून निघालेल्या बाईचं. दोघीही अंगानं भरलेल्या आहेत. त्यांची कामं बघा, प्रयोगानंतर त्यांच्याशी बोला, आणि त्यांना भूमिका देणार असाल तर ती काय आहे, ते आधी कागदावर लिहून द्या.

कळावे,
आपली विश्वासू,
कोथरूड, पुणे येथील एक नाट्यशिक्षिका